कृष्ण, इंद्र आणि समुद्रावरचे कारखाने

अमेरिकेच्या आरमारात 'यूएसएस कृष्णा' नावाचं जहाज होतं, आणि 'यूएसएस इंद्रा' नावाचंही. नावं आपल्याच पुराणांतली. दोन्ही जहाजांची बांधणी १९४५ मध्ये इलिनॉय राज्यातल्या सेनेका या गावी झाली. हे गाव समुद्रापासून हजार किलोमीटरहून जास्त आत, नदीकाठी, मक्याच्या शेतांच्या मुलखात. तिथे बांधलेली जहाजं नदीतून मिसिसिपीत आणि मिसिसिपीतून समुद्रात उतरवायची. दोन्ही तयार होऊन आरमारात दाखल झाली तोवर महायुद्ध संपलं होतं. पण कृष्णा पुढे कामी आलं. १९६५ पासून ते व्हिएतनाममध्ये फु क्वोक बेटाजवळ आन थोई इथे नांगर टाकून होतं आणि गस्तीच्या छोट्या वेगवान बोटींची इंजिनं खोलत-जोडत होतं.

कारण ही दोन्ही दुरुस्ती जहाजं होती. अमेरिकेने अशा जहाजांना पुराणकथांतली नावं द्यायचा शिरस्ता ठेवला होता. आधी व्हल्कन, एजॅक्स, हेक्टर, जेसन, मेड्यूसा अशी ग्रीक-रोमन मंडळी येऊन गेली. युद्ध लांबलं, जहाजं वाढली, आणि नावं शोधता शोधता आरमार इंद्र-कृष्णापर्यंत येऊन पोचलं. विश्वकर्म्याचं नाव कसं सुटलं याचं मला नवल वाटतं. कामाच्या दृष्टीने सगळ्यात लायक तोच होता.

युद्धाच्या गोष्टींत विमानवाहू नौका असतात, पाणबुड्या असतात, तोफा असतात. दुरुस्ती जहाजाला त्यात फारशी जागा मिळत नाही. पण १९४२ ते १९४५ या काळातलं पॅसिफिकमधलं युद्ध समजून घ्यायचं तर या जहाजांकडे पाहावंच लागतं. तिथे लढाईइतकाच मोठा प्रश्न अंतराचा होता.

अंतराचं गणित

पश्चिम पॅसिफिकमध्ये उलिथी नावाचं प्रवाळांचं कंकण आहे. मधे शांत खाजण, भोवती बारक्या बेटांची माळ. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेने ते लढाई न होताच ताब्यात घेतलं. तिथून हवाईतलं पर्ल हार्बर साडेसहा हजार किलोमीटरहून लांब, आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा त्याच्याही पुढे जवळजवळ चार हजार किलोमीटर. जहाज धडधाकट असेल तर हा प्रवास काही आठवड्यांचा. पण एक बॉयलर बंद असेल, किंवा पोटाला भोक पडलेलं असेल, तर जहाज रखडत जाणार. गोदीत आधीच रांग असणार. तिथून परत येईपर्यंत चार-सहा महिने सहज जाणार. तेवढा काळ ते जहाज असून नसल्यासारखंच.

त्यात दर वेळी बॉम्बच पडायला हवा असंही नाही. लढाऊ जहाज म्हणजे वाफ, तेल, वीज, खारं पाणी आणि शेकडो यंत्रं यांचा एकत्र संसार. बॉयलरच्या नळ्या गळायला लागतात. पंपाचे पंखे झिजतात. विजेच्या मोटरीची वाइंडिंग जळते. खालच्या पत्र्यावर शिंपले आणि शेवाळ चढून वेग कमी होतो. तोफांचा नेम धरणारी दुर्बीण धक्क्याने जराशी हलली तरी गोळा भलतीकडेच पडतो. शांततेच्या काळात ठरलेल्या मुदतीने गोदीत जाऊन हे सगळं निस्तरता येतं. युद्धात ती मुदत कुणी पाळत नाही.

मग उपाय एकच: जहाज गोदीकडे नेण्यापेक्षा गोदीच जहाजांच्या मागे न्यायची.

आत काय असायचं

व्हल्कन आणि तिच्या भावंडांची लांबी सुमारे १६० मीटर. आत हजाराहून जास्त माणसं. बाहेरून साधं मालवाहू वाटावं असं जहाज, फक्त डेकवर क्रेन जरा जास्त. आत मात्र मजल्यामागून मजले कार्यशाळांचे. लेथ, मिलिंग आणि ड्रिलिंगची यंत्रं असलेली मशीन शॉप. पत्रे कापून वाकवायची जागा. पाइपांचं काम, तांब्याचं काम, सुतारकाम, वाइंडिंग. दुर्बिणी आणि परिदर्शकं साफ करून जुळवायची धूळमुक्त खोली. घड्याळं आणि टाइपरायटर दुरुस्त करणारी माणसंसुद्धा. टाइपरायटर ऐकून हसू येईल, पण हुकूम, हिशेब आणि सुट्या भागांच्या मागण्या सगळ्या त्यावरच निघायच्या.

मला यातली सगळ्यात नवलाची वाटते ती ओतशाळा. समजा, एखाद्या विनाशिकेच्या पंपाचं पितळी आवरण फुटलं आणि त्याचा सुटा भाग जवळच्या कुठल्याच गोदामात नाही. सुतार आधी त्याची लाकडी प्रतिकृती करणार. थंड होताना धातू आक्रसतो, म्हणून ती प्रतिकृती किंचित मोठी ठेवायची. ती ओल्या रेतीत दाबून साचा घ्यायचा, भट्टीत वितळवलेला धातू त्यात ओतायचा, थंड झाल्यावर साचा फोडायचा आणि मग लेथवर चढवून मापाला आणायचं. हे सगळं तरंगत्या जहाजात. म्हणूनच अशी जहाजं खुल्या समुद्रात काम करत नसत. लाटा अडवणारं खाजण किंवा आडोशाचा उपसागर मिळाला की तिथे नांगर टाकायचा आणि रुग्ण जहाजांना एकामागून एक कुशीला बांधून घ्यायचं.

कुशीला आलेल्या जहाजाची स्वतःची इंजिनं बंद असली तर वीज, वाफ आणि गोडं पाणी पुरवण्याचं कामही दुरुस्ती जहाजाचंच. त्यासाठी त्याचे जनित्र आणि समुद्राचं पाणी गोडं करण्याची यंत्रणा त्याच्या स्वतःच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठी ठेवलेली असायची.

माणसं कुठून आणायची हा प्रश्न यंत्रांपेक्षा अवघड. चांगला टर्नर सहा महिन्यांत तयार होत नाही. म्हणून कारखान्यांतून, रेल्वेच्या वर्कशॉपांतून, गॅरेजांतून आलेल्या तयार कारागिरांना वर्दी चढवून इथे पाठवलं गेलं. बंदूक चालवायला त्यांना शिकवावं लागलं असेल. छिन्नी चालवायला नाही.

व्हेस्टल

एका जहाजाची गोष्ट सांगितली की बाकीच्यांची कल्पना येते.

व्हेस्टल १९०८ मध्ये पाण्यात उतरलं ते कोळसा वाहण्यासाठी. १९१३ मध्ये त्याचं दुरुस्ती जहाज केलं. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी ते पर्ल हार्बरमध्ये 'ॲरिझोना' या युद्धनौकेच्या अगदी कुशीला बांधलेलं होतं, कारण तिच्यावर काम करायचं होतं. जपानी विमानं आली. व्हेस्टलवर दोन बॉम्ब पडले. मग ॲरिझोनाचं दारूगोळ्याचं कोठार उडालं. त्या हादऱ्याने व्हेस्टलच्या डेकवरची कितीतरी माणसं समुद्रात फेकली गेली, त्यांत कप्तान कॅसिन यंगही होते. कुणीतरी जहाज सोडायचा हुकूम दिला. यंग तेलाने माखलेल्या पाण्यातून पोहत परत आले, वर चढले आणि तो हुकूम रद्द केला. जहाज एका बाजूला कलत होतं, आगी लागल्या होत्या. त्यांनी ते ॲरिझोनापासून सोडवलं आणि बुडण्याआधी आयेआच्या उथळ पाण्यात रुतवलं. या कामगिरीसाठी त्यांना अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

पुढचा भाग कमी सांगितला जातो, मला मात्र तो जास्त आवडतो. त्या हल्ल्यानंतर पर्ल हार्बरच्या गोदीत मोडक्या युद्धनौकांची रांग लागली होती. दुरुस्ती जहाजाला कोण विचारतो? मग व्हेस्टलच्या कारागिरांनी आपलं जहाज स्वतःच दुरुस्त करायला घेतलं. आतलं पाणी आणि तेल उपसलं, जळलेलं कापून काढलं, पत्रे बसवले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ते दक्षिण पॅसिफिकमध्ये टोंगाला पोचलं आणि पुढे न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ बंदरात.

तिथे ऑक्टोबरअखेर 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका आली. २६ ऑक्टोबरच्या सांताक्रूझच्या लढाईत तिच्यावर बॉम्ब पडले होते आणि तिची जोडीदार 'हॉर्नेट' बुडाली होती. त्या भागात अमेरिकेकडे उरलेली ही एकच विमानवाहू नौका, आणि तीही जखमी. दोन आठवडेही हातात नव्हते, कारण सॉलोमन बेटांतल्या ग्वादलकनालवर जपानी ताफा पुन्हा चालून येणार हे दिसत होतं. ११ नोव्हेंबरला एंटरप्राइझ निघाली तेव्हा दुरुस्ती संपलेली नव्हती. व्हेस्टलची कारागीर मंडळी नौकेवरच राहिली आणि लढाईच्या वाटेवर वेल्डिंग करत गेली. विमानं वर-खाली नेणारा पुढचा उद्वाहक धड चालतो की नाही, याची खात्री नव्हती. तो चालवून बघायचंच टाळलं गेलं. उतरताना खालीच अडकला असता, तर धावपट्टीत मोठा खड्डा पडून विमानं उडवणंच बंद झालं असतं. वर आहे तर वरच राहू दे.

दुरुस्ती जहाजाची सगळी विद्या या निर्णयात आहे असं मला वाटतं. काय दुरुस्त करायचं, हे कुठलाही चांगला फिटर सांगेल. काय दुरुस्त करायचं नाही, हे सांगायला अनुभव लागतो. गोदीतला कारागीर जहाज नव्यासारखं करायला बघतो. आघाडीवरच्या कारागिराचा प्रश्न वेगळा: हे जहाज परवा लढू शकेल एवढं करायला किमान काय लागेल? आणि लढू शकणारच नसेल, तर मोठ्या गोदीपर्यंत न बुडता पोचेल एवढं करायला किमान काय लागेल? बाकी सगळं सोडून द्यायचं.

एंटरप्राइझच्या विमानांनी दोन दिवसांनी जपानी युद्धनौका 'हिएई' बुडवण्यात हात लावला. त्याच १३ नोव्हेंबरच्या पहाटे 'सॅन फ्रान्सिस्को' या क्रूझरवर कॅसिन यंग मारले गेले. व्हेस्टल सोडून ते तिचे कप्तान झाले होते.

पुढे व्हेस्टल एस्पिरितू सांतू बेटावर जवळपास वर्षभर होतं. त्या बारा महिन्यांत त्याने २७९ जहाजांवर ५,६०३ कामं उरकल्याची नोंद आहे. म्हणजे दिवसाला पंधरा. त्यांतली बहुतेक गळक्या नळ्यांची आणि झिजलेल्या बेअरिंगांची असणार, ज्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

भोक पडलेलं जहाज कसं वाचवतात

आता जरा खोलात. पाणतीर (टॉर्पेडो) लागलेल्या जहाजात नेमकं काय होतं आणि कारागीर नेमकं काय करतात?

'ह्यूस्टन' हे क्रूझर घेऊ. १४ ऑक्टोबर १९४४ ला तैवानजवळ एका विमानाने सोडलेला पाणतीर तिच्या इंजिनखोलीखाली फुटला. वीज गेली, इंजिनं गेली. दुसऱ्या जहाजाने ओढायला सुरुवात केली. दोन दिवसांनी मागच्या बाजूला आणखी एक पाणतीर लागला. आत सुमारे ६,३०० टन पाणी शिरलं होतं. जहाजाचं मूळ वजन बारा हजार टनांच्या आतबाहेर, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच पोटात.

इथे धोका नुसत्या वजनाचा नसतो. पाण्याने अर्धी भरलेली परात उचलून चालायचा प्रयत्न केलात तर कळेल: परात जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ती आणखी कलते. जहाजातल्या अर्धवट भरलेल्या मोठ्या खोलीत हेच होतं. गंमत अशी की पूर्ण भरलेली खोली त्यामानाने सुरक्षित, कारण तिच्यातलं पाणी हलत नाही. म्हणून पहिलं काम अर्धवट भरलेल्या खोल्या शोधण्याचं. ज्या कोरड्या करता येतील त्या उपसायच्या. ज्या येणार नाहीत त्या भरू द्यायच्या आणि त्यांच्या भिंती पलीकडून लाकडी ओंडक्यांचे टेकू देऊन धरून ठेवायच्या. जहाज वाचवायला आत पाणी मुद्दाम सोडावं लागतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

ह्यूस्टन ओढत ओढत २७ ऑक्टोबरला उलिथीला आणली. तिथे कारागिरांचं काम सुरू झालं. पाणबुडे खाली उतरून भोकाचं माप घेतात. पत्र्याची फाटलेली, बाहेर वळलेली टोकं पाण्याखालीच विजेच्या ठिणगीने आणि प्राणवायूच्या झोताने कापतात. मग मापाप्रमाणे मोठं ठिगळ तयार होतं, कधी पोलादी, कधी जाड फळ्यांचं. ते क्रेनने खाली सोडून भोकावर बसवायचं आणि कडेने बोल्टांनी आवळायचं किंवा वेल्ड करायचं. पंप सुरू केले की आतलं पाणी कमी होतं आणि बाहेरचा समुद्रच ठिगळाला दाबून घट्ट बसवतो. आत कोरडं झालं की खरं काम दिसतं: तुटलेल्या फासळ्या, वाकलेली तुळई, तेलाचा चिखल, आणि अडकून पडलेले मृतदेह. शेवटची गोष्ट बहुतेक वर्णनांत एका ओळीत उरकलेली असते. ते काढायचं कामही त्याच माणसांचं.

ह्यूस्टनचं पुढे काय झालं? उलिथीत डागडुजी, मग मानूस बेटावर आणखी काम, मग न्यूयॉर्क. तिथे ती मार्च १९४५ मध्ये पोचली आणि ती पुन्हा लढायच्या आत युद्ध संपलं. मग एवढा खटाटोप फुकट गेला का? एका हिशेबाने, हो. त्याच आठवड्यात पाणतीर लागलेली 'कॅनबेरा' मात्र पुढे क्षेपणास्त्रं डागणारी क्रूझर झाली आणि १९५६ पासून तशी वापरात आली. बुडू दिली असती तर ते घडलं नसतं. आणि बुडणाऱ्या जहाजाबरोबर किती माणसं जातात, हा हिशेब तर टनांत मांडताच येत नाही.

दुरुस्ती जहाज जवळ नसेल तेव्हाची एक नोंद इथे सांगायलाच हवी. ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री 'न्यू ऑर्लीन्स' या क्रूझरचा पुढचा सगळा भाग, दुसऱ्या तोफेच्या मनोऱ्यापर्यंत, पाणतीराने तुटून गेला. लांबीचा जवळपास चौथा हिस्सा. उरलेलं जहाज कसंबसं तुलागीला पोचलं. तिथे खलाशांनी फांद्या आणि जाळी टाकून ते झाकलं, माडाचे ओंडके तोडून उघड्या टोकाला बांधले आणि सिडनी गाठलं. उघडा भाग लाटांच्या तोंडी नको म्हणून ते उलटं, शेपटाकडून चालवत नेलं. माडाचं लाकूड समुद्राला टिकतं, हे आपल्या कोकणातल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण त्याचा असा उपयोग कोकणानेही पाहिला नसेल.

उलिथी आणि केरामा

१९४४ च्या अखेरीस उलिथीच्या खाजणात शेकडो जहाजं एकाच वेळी उभी असत. त्यांना तेल, दारूगोळा, अन्न आणि दुरुस्ती पुरवणाऱ्या तुकडीचं नाव 'सर्व्हिस स्क्वॉड्रन १०'. तिचे प्रमुख कमोडोर वॉरल कार्टर. ११ मार्च १९४५ ला एका आत्मघातकी जपानी विमानाने उलिथीतच 'रँडॉल्फ' या विमानवाहू नौकेच्या मागच्या भागाला धडक दिली. ती घरी गेलीच नाही. खाजणातच दुरुस्त होऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओकिनावासमोर हजर झाली.

ओकिनावाच्या लढाईत तर दुरुस्तीचा तळ लढाईच्या आधी घेतला गेला. मुख्य बेटावर सैन्य उतरलं १ एप्रिलला. त्याआधी २६ मार्चला शेजारची केरामा बेटं घेऊन त्यांच्यामधल्या पाण्यात नांगर टाकले गेले. आत्मघातकी विमानांनी फोडलेल्या विनाशिका एकामागून एक तिथे ओढून आणल्या जात. व्हेस्टलही तिथे आलं. रात्रीचं वेल्डिंग लांबून दिसतं, म्हणून छोट्या बोटी धूर सोडत फिरायच्या आणि त्या धुरात, भोंगे वाजत असताना, कारागीर काम करायचे. 'न्यूकॉम्ब' ही विनाशिका एकाच दिवसात अनेक आत्मघातकी विमानांनी फोडली होती. ती तिथे सावरली आणि पुढच्या प्रवासाला निघाली.

या ठिकाणी छोटी दुरुस्ती जहाजं फार उपयोगी पडली. कृष्णा आणि इंद्रा त्याच घराण्यातली. रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी सपाट बुडाची बोट त्या काळात अमेरिका भराभर बांधत होती. लांबी शंभर मीटर, आत रणगाड्यांसाठी मोकळं लांबलचक दालन. त्याच सांगाड्यात रणगाड्यांऐवजी लेथ आणि वेल्डिंगचे संच बसवले, डेकवर जड वजन उचलणाऱ्या मोठ्या क्रेन उभ्या केल्या, की दुरुस्ती जहाज तयार. छोट्या बोटींसाठी अशी सुमारे ४० आणि लढाईत फुटलेल्या जहाजांसाठी आणखी डझनभर बांधली गेली. नवीन आराखडा करत बसण्यापेक्षा हातात तयार असलेला सांगाडा घ्यायचा, ही अक्कल मला व्हल्कनसारख्या देखण्या, खास बांधलेल्या जहाजापेक्षाही मोठी वाटते.

यात एक जहाज वेगळंच. 'ओग्लाला' हे पाणसुरुंग पेरणारं जहाज पर्ल हार्बरच्या हल्ल्यात उलटून बुडालं होतं. ते वर काढलं आणि १९४४ मध्ये इंजिन-दुरुस्ती जहाज म्हणून कामाला लावलं.

तरंगती गोदी, आणि मुंबईतली एक

दुरुस्ती जहाजाला एक मर्यादा असते. पाण्याखालचा पंखा किंवा सुकाणू नीट बघायचं तर जहाज पाण्यातून उचलावंच लागतं. त्यासाठी तरंगती गोदी. गोदीच्या पोकळ टाक्यांत पाणी भरलं की ती खाली जाते, जहाज तिच्यात शिरतं, टाक्या उपसल्या की गोदी जहाजासकट वर येते.

अमेरिकेने ही गोदी तुकड्यांत बांधली. एकेक तुकडा सुमारे ७८ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद. असे दहा तुकडे समुद्रातून ओढत न्यायचे आणि तिकडे शेजारी शेजारी जोडायचे. ओढताना वाऱ्याने उलटू नयेत म्हणून बाजूच्या उंच भिंती आडव्या पाडता येत. डिसेंबर १९४४ मध्ये मानूस बेटाजवळच्या अशा गोदीने 'आयोवा' ही प्रचंड युद्धनौका उचलली.

ब्रिटिशांची हिंदी महासागरातली तरंगती गोदी मुंबईत बांधून श्रीलंकेत त्रिंकोमालीला नेली होती. ८ ऑगस्ट १९४४ ला तिच्यात 'व्हॅलियंट' ही युद्धनौका होती, दारूगोळ्याने पूर्ण भरलेली. टाक्या उपसण्याचा क्रम चुकला. युद्धनौकेचं वजन मधल्या भागात जास्त असतं, टोकांना कमी. टाक्या त्या वजनाच्या प्रमाणात उपसल्या नाहीत तर गोदी वाकते. ती वाकली आणि मधेच मोडून बुडाली. व्हॅलियंट वाचली, पण तिचे आतले दोन पंखे आणि एक सुकाणू निकामी झालं. शत्रूची एक गोळीही न झडता ब्रिटिशांची गोदी आणि युद्धनौका दोन्ही एकाच दिवशी हातच्या गेल्या.

ब्रिटिशांचा उशीर

ब्रिटिश आरमाराला जगभर बंदरांची सवय होती. जिब्राल्टर, माल्टा, मुंबई, सिंगापूर. गोदी बरोबर न्यायची गरज फारशी पडली नव्हती. पॅसिफिकमध्ये उतरायची वेळ आली तेव्हा ही गरज एकदम समोर आली. जुन्या प्रवासी बोटी घेऊन त्यांत कार्यशाळा बसवल्या गेल्या. लंडन-मुंबई मार्गासाठी १९२५ मध्ये बांधलेली 'रणपुरा' ही पी अँड ओ कंपनीची बोट अशीच दुरुस्ती जहाज झाली. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून कितीतरी मराठी माणसं अशा टपालबोटींतून विलायतेला गेली असतील.

आणि नव्या जहाजांसाठी कॅनडाला मागणी गेली. कॅनडात तेव्हा एकाच धाटणीची मालवाहू जहाजं शेकड्यांनी बांधली जात होती. त्याच कुळातलं एक जहाज मुंबईकरांना चांगलंच ठाऊक आहे: १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत उडालेलं 'फोर्ट स्टिकीन', ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स रूपर्टला बांधलेलं. त्याच किनाऱ्यावर, व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरियात, जवळजवळ तशाच सांगाड्यात कार्यशाळा घालून दुरुस्ती जहाजं बांधली गेली. 'बीची हेड', 'बेरी हेड', 'रेम हेड', 'फ्लॅम्बरो हेड' अशी ब्रिटनच्या भूशिरांची नावं त्यांना मिळाली. बहुतेक १९४५ मध्ये तयार झाली, तोवर त्यांची निकड संपत आली होती. काही तर शेवटी साधी मालवाहू म्हणूनच पुरी केली.

जपानचं एकटं जहाज

जपानकडे खास या कामासाठी बांधलेलं आधुनिक जहाज एकच होतं: 'आकाशी', १९३९ मध्ये तयार झालेलं. उत्तम जर्मन यंत्रं, कुशल कारागीर. कामाच्या दर्जात ते अमेरिकेच्या कुठल्याही जहाजाला हार गेलं नसतं. जोडीला काही रूपांतरित जहाजं होती. त्यांतलं 'आसाही' तर १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईतली जुनी युद्धनौका. मे १९४२ मध्ये अमेरिकी पाणबुडीने ते बुडवलं.

आकाशी पॅसिफिकमधल्या त्रुक या जपानी तळावर नांगर टाकून मोडकी जहाजं सांधत राहिलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकी विमानांनी त्रुकवर हल्ला केला, तेव्हा ते थोडक्यात वाचून पलाऊला पोचलं. ३० मार्च १९४४ ला पलाऊवरच्या हल्ल्यात ते बुडालं. त्यानंतर जपानी जहाजाला मोठी इजा झाली की मायदेशाच्या नाहीतर सिंगापूरच्या गोदीचा रस्ता धरावा लागे, आणि त्या रस्त्यावर अमेरिकी पाणबुड्या टपून बसलेल्या असत. जे जहाज आकाशीच्या कुशीत काही आठवड्यांत बरं झालं असतं, ते वाटेतच बुडू लागलं.

अमेरिकेचं एक दुरुस्ती जहाज बुडालं असतं तर दुसरं आलं असतं. हा फरक कारागिरीचा नाही, मोजणीचा आहे. युद्धाआधी दुरुस्तीवर पैसे मागणाऱ्याला कुठल्याही देशात फारसं कुणी विचारत नाही, कारण तेवढ्यात एक नवी विनाशिका येते. जपानने विनाशिका निवडल्या.

नंतर

युद्धानंतर ही जहाजं हळूहळू कमी होत गेली. व्हेस्टल १९५० मध्ये भंगारात गेलं. व्हल्कन १९९१ पर्यंत आणि जेसन १९९५ पर्यंत वापरात राहिलं. कारणं सरळ होती. यंत्रं बदलली, बिघडलेला भाग सांधण्याऐवजी अख्खा बदलायची पद्धत आली, सुटे भाग विमानाने पोचू लागले, मित्रदेशांची बंदरं मिळाली. जहाजातल्या इलेक्ट्रॉनिक पेटीला लेथ आणि ओतशाळेचा काही उपयोग नसतो. पाणबुड्यांची सेवा करणारी जहाजं तेवढी टिकली. आपल्या नौदलाकडेही सोव्हिएत बनावटीचं 'आयएनएस अंबा' हे असं जहाज बरीच वर्षं होतं.

ऑक्टोबर २००० मध्ये एडनच्या बंदरात स्फोटकांनी भरलेल्या बोटीने 'कोल' या अमेरिकी विनाशिकेच्या पोटाला मोठं भोक पाडलं. व्हल्कन-जेसनसारखं जहाज तोवर अमेरिकेकडे उरलं नव्हतं. तेल उत्खननाचे मोठे मनोरे वाहणारं 'ब्लू मार्लिन' हे नॉर्वेच्या कंपनीचं व्यापारी जहाज भाड्याने घेतलं गेलं. ते अर्धं पाण्यात बुडलं, कोल त्याच्या पाठीवर आली, आणि अटलांटिक ओलांडून तिला मिसिसिपी राज्यातल्या पॅस्कागूलाला, जिथे ती बांधली होती त्याच कारखान्यात, नेऊन पोचवलं.